सहावा रकाना

आफ्रिकेत होतो म्हटलं की लोक बोटीचं विचारतात, सिंहाचं विचारतात. परवान्याचं कुणी विचारत नाही, आणि माझी उमेदीची वर्षं तर त्या परवान्यानंच खाल्ली.

यवतमाळला कापसातली सरकी काढायच्या एका जिनमध्ये मी यंत्रदुरुस्ती शिकलो आणि त्या जोरावर युगांडात गेलो. तिकडेही कापूस, तिकडेही जिन, मालकही बरेचसे आपल्याच देशातले. नियम मात्र असा, की नोकरीचा परवाना एकाच मालकापुरता. त्याचं काम सोडलं की देश सोडायचा, घरी येऊन बसायचं, आणि नव्या मालकाच्या नावानं नवा परवाना निघाला तर पुन्हा जायचं. त्याच सुमाराला आमचा अख्खा जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला. त्याला नाही कुणी म्हटलं, आधी घरी जाऊन बस म्हणून.

जुना मालक वाईट नव्हता, कोरडा होता. लग्न झालेल्या माणसालाही तो पत्र्याच्या खोलीत सहा जणांत झोपवायचा. बायकोला आणायचं नाव काढलं की म्हणायचा, हंगाम झाल्यावर पाहू. असे तीन हंगाम झाले. मग दुसऱ्या एका जिनवाल्यानं मला वेगळी खोली कबूल केली. कुटुंब घेऊनच या, म्हणाला. तेवढ्या एका वाक्यासाठी मी नोकरी सोडली आणि बोटीत बसलो.

घरी मात्र खरं सांगितलं नाही. बाबांनी तीस वर्षं कचेरीत कारकुनी केलेली. आमच्या घरात नोकरी धरतात ती पेन्शन घेऊनच सोडतात. मधे सोडणारा एकतर चोर, नाही तर येडा. बाबांनी दारातच विचारलं, "रजा किती?" मी म्हणालो, "चार महिने." खरं काय ते फक्त बायकोला माहीत होतं.

महिन्याभरात नव्या मालकाकडून परवान्याचा फॉर्म आला. सोबत चिठ्ठी होती: सही करा, मालकाच्या नावाचा सहावा रकाना रिकामा ठेवा, कागद माझ्याकडे परत पाठवा, बाकीचं मी पाहतो. चिठ्ठी मी कोटाच्या खिशात दडवली. सहावा सोडून सगळा फॉर्म भरला, सही केली, जुन्या मालकानं दिलेला कामाचा दाखला जोडला आणि सगळं टेबलावर ठेवून बायकोला आणायला घाटंजीला, तिच्या माहेरी गेलो. दोन दिवसांनी परतलो, तर बाबांनी रजिस्टरची पावती पुढं केली.

"तुझा कागद लावला मार्गी. खाली परवान्याच्या दफ्तराचा पत्ता छापला होता, तिथंच थेट पाठवला. एक रकाना तू तसाच सोडून गेलता."

"सहावा?"

"रिकामा रकाना दिसला की साहेब कागद परत फेकतो. तीस वर्षं हेच पाह्यलं. भरून टाकला."

"काय भरलं?"

"तुझ्या मालकाचं नाव. दाखल्यावरून उतरवून घेतलं. अजून कोणाचं भरतात?"

बायको मागं पिशवी घेऊन उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. बाबा, तो माझा मालक नाही, मी रजेवर नाही. दोन वाक्यं होती. पण निवृत्त झाल्यापासून बाबांच्या हाती कुणी सरकारी कागद दिला नव्हता, आणि त्या दिवशी त्यांनी टाक धुऊन, पुसून जागेवर ठेवलेला दिसत होता. "बरं केलं," मी म्हणालो.

"बरं काय केलं?" बायकोनं स्वयंपाकघरात विचारलं. "त्या नव्या मालकाले लिहा ना, चूक झाली म्हणून."

लिहिलं. दफ्तरालाही लिहिलं. मग रोज सकाळी टपाल कचेरीत जाऊन उभा राहायचो. टपालवाला लांबूनच मान हलवायचा, तरी मी थैली रिकामी होईपर्यंत थांबायचो. परत येताना पाय ओढत यायचो. स्वतःचाच इतका वीट आला होता की जेवणावरही राग निघायचा. बायको मात्र ट्रंक भरत होती. अर्ध्या ट्रंकेत तिची लुगडी, अर्ध्यात माझे कपडे.

शेवटी एकाच आठवड्यात दोन्ही उत्तरं आली. माझं पत्र पोचायच्या आधीच दफ्तरानं जुन्या मालकाला विचारलं होतं. हंगाम तोंडावर, त्यानं आनंदानं सही ठोकली होती. परवाना त्याच्या नावानं. नव्या मालकानं कळवलं होतं की वाट पाहून त्यानं दुसरा माणूस ठेवला. यवतमाळच्या जिनमधली माझी जागा तर केव्हाच भरली होती.

बाबांनी चष्मा लावून परवाना दोनदा वाचला आणि पेढे आणले. "पाह्यलं? एका फेरीत मंजूर. एक खोडतोड नाही."

निघायच्या सकाळी बायकोनं ट्रंक उघडली आणि आपली लुगडी एकेक करून बाहेर काढली. मी म्हणालो, "राहू दे दोन तरी."

"कायले?" ती म्हणाली. "तिथं सहा माणसं झोपतात न."

मूर्तिजापूरच्या छोट्या गाडीवर बाबा एकटेच पोचवायला आले. ती आली नाही. भेटेल त्याला बाबा सांगत होते, मुलगा रजा संपवून वेळेवर हजर होऊन राह्यला. डब्यात चढवताना ट्रंकेची एक कडी त्यांनी धरली, आणि ते थबकले.

"हलकी काहून लागते रे?"

"सामान कमी घेतलं," मी म्हणालो.