मुजीबच्या हातची बंदूक

मुजीबने हात लावलेली बंदूक सरळ मारत नाही, आणि सरळ मारत नाही म्हणूनच लोक त्याच्याकडे येतात. सांगलीत माझ्या पंक्चरच्या दुकानाला लागून त्याची टपरी आहे. साताऱ्यापासून जतपर्यंत जत्रेत फुगे फोडायचा खेळ मांडणारे सगळे त्याचे गिऱ्हाईक. फुगे पटापट फुटायला लागले तर खेळवाल्याने घरी काय न्यायचं?

तर मुजीब बंदूक उघडतो. आतल्या स्प्रिंगचे वेढे कापून ती मऊ करतो, दट्ट्यावरचं चामडं तेल न देता कोरडं ठेवतो. मग नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे जिच्यावरून नेम धरतात तो बारीक खिळा, केसभर वाकवून जराशी ढिली सोडतो. छर्रा सुटतो, पण सांगितलेल्या ठिकाणी जात नाही. खरी करामत पुढेच आहे. माशी ढिली असल्यामुळे बंदुकीची लबाडी एकसारखी राहत नाही. आता डावीकडे मारते, तर जरा वेळाने उजवीकडे. गिऱ्हाईक बिचारं स्वतःच्या हाताला शिव्या देत घरी जातं.

पाचगणीहूनही त्याच्याकडे बंदुका येतात. तिथे पर्यटक अंगावर चट्ट्यापट्ट्याचे कपडे चढवून एकमेकांवर प्लास्टिकचे छर्रे मारतात. त्या बंदुकांच्या स्प्रिंगाही तो मऊ करून देतो, पोरांना वळ उठू नयेत म्हणून. हे पुण्यकर्म आहे असं त्याचं म्हणणं.

मी फौजेतून हवालदार होऊन आलेला माणूस. रायफल नीट पुसली नाही म्हणून आम्ही उन्हात पळालोय. मला त्याचा धंदा बघवायचा नाही.

"मुजीब, हत्याराशी असली थट्टा करू नगंस रं," मी म्हणायचो.

"आवं हवालदार, हे कुठलं हत्यार? खेळणं हाय. खेळण्यानं कुणाचं काय वाकडं हुतंय?"

असं म्हणून तो हसायचा आणि मला चहा पाजायचा. त्यामुळे भांडण पुढे जायचंच नाही.

त्याची एकुलती एक लेक अर्फा. अकरावीत आहे. लहानपणापासून तिच्याकडे एक काम होतं. बापाने बंदूक बिघडवली की ती नीट बिघडलीय का, हे बघायचं. टपरीमागच्या भिंतीवर फुगा टांगायचा आणि मारायचं. पोरीचा हात असा बसला की बंदूक कशीही फिरू दे, मागचा छर्रा कुठे गेला ते बघून ती पुढच्याला तेवढी नळी सरकवायची, आणि फुगा फट्. गेल्या नागपंचमीला शिराळ्यात तिने एका खेळवाल्याची सगळी फळी रिकामी केली, तेव्हा त्याने चक्क हात जोडले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुजीब तर असा फुगला होता की त्यालाच टाचणी लावावी वाटली.

त्या गर्दीत क्रांती मॅडम होत्या. सांगलीत त्या पोरांना नेमबाजी शिकवतात. त्यांनी अर्फाला जिल्ह्याच्या निवड चाचणीला बोलावलं. निवड झाली तर क्लबची रायफल मिळणार, शिकवणी मिळणार, पुढे राज्याला जायचं. नाही झाली तर मॅडमच्या हातात काही नाही, रायफली मोजक्या आणि पोरं पुष्कळ.

त्या दिवसापासून मुजीबचं बोलणंच बदललं. "हवालदार, पोरीला हात देवानं दिलाय. माझ्या टपरीत सडायला नको." हे तो मला इतक्या वेळा म्हणाला की मी पाठ केलं.

चाचणीला आम्ही तिघं माझ्या रिक्षावाल्या भाच्याच्या रिक्षातून गेलो. अख्तरबीने, म्हणजे अर्फाच्या आईने, डब्यात शिरखुर्मा दिला होता, जिंकल्यावर खायला. आत गेल्यावर दोरी बांधलेली. बघणाऱ्यांनी दोरीमागे राहायचं आणि तोंड उघडायचं नाही. आवाज आला तर पोरगी बाद, असं सुरुवातीलाच सांगितलं.

मॅडमनी अर्फाला क्लबची रायफल दिली. नवीकोरी, आतून बाहेरून ठीकठाक. पहिले छर्रे मधोमध. माझ्या शेजारी मुजीबने माझा दंड असा दाबला की वळ उठला. पुढचेही मधेच. मग एक जरासा उजवीकडे गेला. काहीच नव्हतं त्यात. श्वास हलला असेल. फौजेत आम्हाला शिकवलं होतं, गोळी चुकली तर आधी स्वतःला विचारा. अर्फाला कोण हे शिकवणार? तिने आयुष्यात एकही सरळ मारणारी बंदूक पाहिली नव्हती.

तिने मान किंचित तिरकी केली आणि नळी केसभर डावीकडे सरकवली.

मुजीबला ते माझ्याआधी दिसलं. छर्रा डावीकडे गेला. आता ती उजवीकडे सरकली, जास्तच. तो उजवीकडे गेला. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. ही पोरगी तर जन्मापासून पोळलेलीच. बंदूक फिरली असं धरून ती तिच्यामागे धावत होती, आणि बंदूक जागची हलली नव्हती.

"सरळ मार, बेटा," मुजीबचे ओठ हलले. आवाज नाही. त्याने दोरी दोन्ही मुठींत धरली होती. मला ओरडावंसं वाटलं, खरंच वाटलं. पण ओरडलो तर बाद, आणि गप्प राहिलो तर हे असं. असला हतबल मी कधी सीमेवरही झालो नव्हतो. आम्ही दोन बापे नुसते उभे राहिलो आणि पोरगी आमच्या डोळ्यांदेखत बुडत गेली.

निवड झाली नाही. मॅडम म्हणाल्या, "सुरुवात काय सुंदर केली होती हिने! पुढं काय झालं कळलंच नाही." आम्हाला कळलं होतं. आम्ही रिक्षाकडे चालू लागलो.

परतताना अर्फा रडली नाही. उलट बापाचीच समजूत घालत होती. "अब्बा, बंदूक लबाड हुती. आधी नीट मारली, मग फिरली. तुमी उघडून बघितली असती तर लगेच सांगितलं असतं."

डबा तसाच घरी गेला.

दुसऱ्या दिवशी त्याने जत्रेची सगळी कामं बाजूला सारली. स्वतःची जुनी बंदूक घेतली, नवी अखंड स्प्रिंग घातली, चामड्याला तेल दिलं, माशी सरळ करून घट्ट आवळली. मी जाऊन स्वतः मारून बघितली. सुतासारखी सरळ. मग त्याने भिंतीवर कागद चिकटवून मधे टिपका काढला आणि अर्फाला हाक मारली.

"मार. काय बी करू नगंस, नुसती टिपक्यावर धर."

तिने मारला. टिपक्यात. परत मारला, टिपक्यात. मी मनात म्हटलं, आली वाटेवर. तिसऱ्या वेळी ती थांबली. बंदुकीकडे बघून ओळखीचं हसली. "आता फिरंल," म्हणाली, आणि नळी जराशी बाजूला घेतली. छर्रा कागदाबाहेर भिंतीत.

"बघितलं?"

"अर्फा, सरळ हाय ती. माझी शप्पथ," मुजीब म्हणाला.

पोरीने बंदूक त्याच्या हातात दिली आणि लाडाने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं.

"आवं अब्बा, तुमच्या हातची हाय. सरळ कशी आसंल?"

तिला वाटलं ती त्याचं कौतुकच करतेय. मुजीब बंदूक धरून तसाच उभा राहिला, आणि मी पंक्चर काढायला निघून आलो.