साठवायचं बटन

मुलांसाठी ॲप बनवणं हा माझा धंदा, आणि त्यात माझा एक हट्ट होता: बटनं चारच. पेन्सिल, रंग, खोडरबर, आवाज. काढलेलं चित्र साठवून ठेवायचं बटनसुद्धा मी ठेवलं नव्हतं. दहा मिनिटं कुणी हात लावला नाही की ॲप आपोआप बंद, पुढच्या मुलाला कोरं पान. ‘लहान मुलांना साठवणं वगैरे कशाला हवं? गोंधळतील बिचारी,’ असं मी कर्जतच्या आमच्या छोट्या ऑफिसात सगळ्यांना ठणकावून सांगायचे. कुणी वाद घातलाच तर त्याच्यावर तुटून पडायचे.

गेल्या हिवाळ्यात भिवपुरीच्या वरच्या अंगाला एका वाडीच्या शाळेत मी एक टॅब ठेवून आले आणि तीन दिवसांनी बघायला गेले. वर्गात तिसरीतली एक मुलगी टॅब मांडीवर घेऊन बसली होती. ती चित्र काढत नव्हती. स्क्रीनच्या रिकाम्या कोपऱ्यावर थांबून थांबून नुसतं बोट टेकवत होती. मला वाटलं, अडकलंय. आमच्या धंद्यात अडकलेल्या गोष्टीवर एकच औषध असतं, बंद करून चालू करायचं.

‘दे गं इकडे,’ म्हणत मी टॅब घेतला आणि ॲप बंद करून पुन्हा उघडलं. कोरं पान आलं. ‘हे बघ, झालं!’

मग मागून एक पोरगी म्हणाली, ‘बाई, वाडी गेली.’

काय गेलं ते गुरुजींनी सांगितलं. त्या मुलीने परवापासून अख्खी वाडी काढली होती, घरन् घर. आणि प्रत्येक घराला वेगळा आवाज जोडला होता. घरावर बोट ठेवलं की त्या घरची बाई म्हणायची, ‘या, बसा, पानी घ्या.’ माझ्याच ॲपमध्ये असं करता येतं हे मला, ते बनवणारीला, माहीत नव्हतं! चित्र पुसलं जाऊ नये म्हणून दोन दिवस वाडीने पाळ्या लावल्या होत्या. शाळेत पोरं, रात्री तिची आई, मग काकू, मग शेजारीण. चार्जरला लावलेल्या टॅबवर दर थोड्या वेळाने कुणीतरी बोट टेकवत बसलं होतं.

हे सगळं तिच्या बापासाठी होतं. तो माथेरानला हॉटेलात कामाला, पंधरा दिवसांतून एकदा घरी येणारा. त्याच दुपारी तो येणार होता. तिने फोनवर त्याला सांगून ठेवलं होतं, ‘बाबा, तुला अख्खी बोलती वाडी दाखवते.’

‘आपण पुन्हा करू या,’ मी घाईघाईने म्हणाले. ‘आवाज घ्यायला मी येते तुझ्याबरोबर.’

‘बाया कामावर गेल्या,’ ती म्हणाली. रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने टॅब घेतला, पेन्सिलवर बोट ठेवलं आणि मान वर न करता विचारलं, ‘बाई, तुमचं पन असंच जातं?’

माझ्या फोनमधल्या ॲपला साठवायचं बटन होतं. ते मी स्वतःसाठी ठेवून घेतलं होतं.

‘नाही गं,’ मी म्हणाले. ‘माझं राहतं.’ बोलताना मला माझीच शिसारी आली.

दुपारी बाप आला. घरी न जाता, खांद्यावरची पिशवीही न उतरवता थेट शाळेत आला. आल्या आल्या त्याने टॅब मागितला. त्यात तेव्हा दोन घरं होती आणि एक अर्धं झाड. त्याने दोन्ही घरांवर बोट ठेवून पाहिलं. आवाज आला नाही.

‘दोन दिस एवडंच काढलंस काय गं?’

मी सांगायला तोंड उघडलं. पोरीने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या आधी तीच बोलली.

‘हां बाबा. एवडंच.’