सगळं जुळलं होतं

माझा दोस्त दिनू गेल्याचा फोन आला तेव्हा मी मंडीत संत्र्यांच्या ढिगाजवळ उभा होतो, आणि मी चक्क हसलो. लग्नाचा व्हिडिओ मागणाऱ्या एका नवरदेवाला टाळायला या पठ्ठ्याने स्वतःच्याच मरणाची अफवा एकदा सोडली होती! पण फोनवर त्याची बायको, रेखावहिनी होत्या, आणि त्या रडत होत्या…

पांढुर्ण्यात दिनूचा फोटो स्टुडिओ. सौंसर, मोहगावपर्यंतची लग्नं त्याने कॅमेऱ्यात धरली. व्हिडिओ गिऱ्हाइकाच्या हार्ड डिस्कवर उतरला की दुसरा कोणी डिस्क देऊन मोकळा होईल. हा मात्र कॉम्प्युटरला प्रत्येक फाइल स्वतःच्या आणि गिऱ्हाइकाच्या, दोन्ही डिस्कांवरून पुन्हा वाचायला लावायचा. त्यातून प्रत्येक फाइलीची आकड्या-अक्षरांची एक लांब ओळ निघते, बोटाच्या ठशासारखी. फाइलीत कणभर फरक पडला तरी ओळ बदलते. दोन्ही ओळी जुळेपर्यंत नवरीचा बाप बाकावर ताटकळत बसलेला.

"दिनूभाऊ, कॉपी तं झाली नं? आता काय पूजा करून राहिले?"

"काका, फेऱ्यात नवरी नाई दिसली तं तुम्ही मले पोळ्याच्या गोटमारीत दगडं खायले उभं कराल. बसा, चहा सांगतो."

मी चिडवायचो, "लग्नाआधी पत्रिका तरी इतकी जुळवली होती का बे?"

"जुळवली असती तं रेखा भेटली असती का?" आतून वहिनींची भांडी जोरात वाजायची.

असा हा माणूस जन्मभर कॅमेऱ्याच्या मागे. फक्त त्याच्या धाकट्या बहिणीच्या लग्नात वहिनींनी कॅमेरा हिसकावून त्याला बोलतं केलं होतं. ती फाइल एका जुन्या डिस्कवर, कपाटात. गिऱ्हाइकांचं आधी, घरचं मग.

"भाऊजी, त्याईचा आवाज तेवढाच हाय," तेरवीनंतर वहिनी म्हणाल्या. मी नवी डिस्क आणली. त्याच्या बाकावर इतका चहा प्यालो होतो की तेवढं मला येत होतं. कॉपी केली, त्याच्यासारखीच तपासली. एकेक ओळ जुळत गेली. सगळ्या जुळल्या! "वहिनी, पास!" मी नाटकातल्यासारखा ओरडलो. त्या कितीतरी दिवसांनी हसल्या.

मग फाइल लावली. मांडव दिसला. दिनू वळला, तोंड उघडलं… आणि चित्राचे चौकोन झाले. आवाज नाही. जुनी डिस्क लावली. तीच जागा, तेच चौकोन. कपाटात पडल्यापडल्या ती कधीतरी बिघडली होती, आणि मी तो बिघाड तंतोतंत उतरवून घेतला होता. नागपूरच्या दुरुस्तीवाल्यानेही नकारार्थी मान हलवली.

आता मी त्यांच्या घरी गेलो की वहिनी ती फाइल लावतात. दिनू वळतो, तोंड उघडतो, तिथे थांबवतात.

"भाऊजी, तुम्ही होते नं मांडवात? काय म्हटलं त्याईनं?"

मी होतो. त्याही होत्या. दोघांनाही आठवत नाही. मंडीत उभ्या उभ्या दहा गोष्टी रचणारा मी माणूस… पण हे एक वाक्य काही रचवत नाही.