न हललेला आकडा

ऑफिसात त्याला सगळे मापाडी म्हणत. बाजारात धान्य मापणारा असतो ना, तसा. फरक एवढाच की हा डाउनलोड मोजायचा. टॅबलेटवर लिहिण्या-बोलण्यासाठी कंपनीचं एक मोठं सॉफ्टवेअर होतं आणि त्याला जोडायला लोकांनी केलेली शेकडो छोटी छोटी प्लगइन्स. कुठलं किती जणांनी उतरवून घेतलं, यावर त्याची लोकप्रियता ठरायची, आणि ती ठरवणारे हे महाशय.

कामाला मात्र पक्का. एखादं यंत्र स्वतःहून तेच तेच प्लगइन दिवसभर उतरवत बसलं आणि आकडा फुगला, की हा बरोबर हुडकून काढायचा. "खोट्या आकड्याचा मला लांबून वास येतो," म्हणायचा. फुगलेला आकडा त्याला कळायचा हो. गप्प बसलेला कळत नव्हता.

एकदा त्याच्या वरच्या मॅडमनी त्याला बोलावलं. "पसारा फार झालाय. मेलेली प्लगइन्स काढून टाकू या. पण मेलेलं ओळखायचं कसं?"

"सोपं आहे, मॅडम. वर्षभर ज्याचा आकडा हलला नाही, ते मेलं."

मॅडम खूश. अशी प्लगइन्स बनवणाऱ्यांना आधी मेल गेले. ज्यांचं उत्तर आलं नाही, त्यांची प्लगइन्स काढायची असं ठरलं, आणि नुसती आपल्याकडूनच नाही, तर ज्यांनी घेतली होती त्यांच्या टॅबलेटवरूनही. बेवारस गोष्ट लोकांकडे राहणं धोक्याचं, हा आग्रह मापाड्याचाच. मग एका सकाळी त्याने बटण दाबलं, चहा घेतला आणि शेजारच्या टेबलावर म्हणाला, "चला, झाडलोट झाली."

आता त्याच्या ताईचं सांगतो. ताई शिवणकाम करायची. तिची जीभ तिच्या कात्रीपेक्षा धारदार. गिऱ्हाइकं कपड्यांइतकीच तिची बोलणी खायला यायची. मग नसांच्या आजाराने आधी तिचं बोलणं गेलं. हात तेवढा चालत होता, तेव्हा तिच्या मुलीने टॅबलेट आणून दिला. ताई लिहायची, टॅबलेट मोठ्याने बोलायचा. त्यात एक प्लगइन होतं, ते तिचे शब्द लक्षात ठेवायचं. दोन वर्षं ताईने त्याला शिकवलं. शिव्या शिकवल्या, टोमणे शिकवले, शेजारणीची खोडी काढायला शिकवलं. पुढे हातही गेला आणि उजव्या हाताचं एक बोट उरलं. पण तोवर ते इतकं तयार झालं होतं, की तिने एक अक्षर दाबलं की अख्खं वाक्य समोर यायचं. दर रविवारी मापाडी दारात दिसला की ताई "ग" दाबायची आणि टॅबलेट खणखणीत आवाजात म्हणायचा, "गाढवा, जेवलास का?"

हा हसायचा, "जेवलो गं," म्हणायचा. पण ताई बोलते ते कशाच्या जोरावर, हे त्याने एकदाही उघडून पाहिलं नाही. सगळ्या जगाची प्लगइन्स मोजणारा माणूस! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

झाडलोट झाली त्याच दुपारी भाचीचा फोन आला. "मामा, आईचे शब्द गेले. ती अक्षर दाबते आणि समोर काहीच येत नाही. सकाळपासून नुसती रडतेय रे."

"त्या प्लगइनचं नाव काय?"

भाचीने नाव सांगितलं. सकाळच्या यादीतलंच होतं.

आता सगळं उलगडलं. ज्या प्लगइनमध्ये चुका असतात, ते दर आठवड्याला दुरुस्त होतं, लोक पुन्हा उतरवून घेतात, आकडा पळत सुटतो. हे मुळातच इतकं नीट केलेलं होतं, की त्याला कधी हात लावावाच लागला नाही. ज्यांना गरज होती त्यांनी एकदा घेतलं आणि रोज वापरलं. बनवणारा म्हातारा केव्हाच वारला होता, मेलला उत्तर देणार कोण? जे धड चालतं त्याचा आकडा हलत नाही, एवढी साधी गोष्ट इतक्या वर्षांत ह्या शहाण्याच्या डोक्यात आली नव्हती.

धावतच तो मॅडमकडे गेला. त्या भल्या, ऐकून घेतलं, लगेच परत चढवायला सांगितलं. पण हे सगळं वरातीमागून घोडं. प्लगइन परत आलं. ताईने शिकवलेलं मात्र टॅबलेटवरून पुसलं गेलं ते गेलंच. त्याची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

दुसऱ्या दिवशी मॅडम स्क्रीनकडे बघत म्हणाल्या, "अरे, तुझ्या त्या प्लगइनला एक डाउनलोड आलंय."

"मीच घेतलंय, मॅडम. ताईसाठी."

त्या संध्याकाळी तो ताईच्या खाटेशी बसला. भाचीने टॅबलेट तिच्या बोटाखाली सरकवला. ताईने "ग" दाबला. कोऱ्या प्लगइनने मुकाट्याने शब्द पुढे केले: गोळी, गरम पाणी, गादी. ताई त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने काना दाबायला बोट उचललं. ते थरथरलं, घसरलं, भलत्याच जागी पडलं. टॅबलेट म्हणाला, "गोळी."

"गोळी हवीय का, आई?" भाची उठली.

ताईने डोळे मिटून घेतले. तिच्या कानशिलावरून पाणी उशीत गेलं.

"बस गं तू. गोळी नकोय तिला," मापाडी म्हणाला. त्याने ताईचं बोट आपल्या मुठीत धरलं.

"जेवलो गं, ताई. जेवून आलोय."