धाकटीचं स्टूल

आमची धाकटी, म्हणजे माझी जाऊ, चाळीस वर्षं इस्त्रीच्या दुकानात उभी राहिली. म्हणायची, एकदा बसलं की बूड जड होतं. सत्तरीला आली तशी तिच्या मुलाला दया आली. त्यानं उंच स्टूल आणलं. "आई, आता बसून कर." आम्ही सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं. मीही केलं, खोटं कशाला बोलू.

दोन वर्षांनी तिच्या आतड्यात कॅन्सरची गाठ निघाली. ऑपरेशनआधी डॉक्टरीणबाईंनी हातात मुठीचा जोर मोजायचं एक यंत्र देऊन दाबायला सांगितलं. इस्त्रीचा हात तो. बाई काट्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "आता हात छातीशी धरून खुर्चीतून पाच वेळा उठा."

धाकटी दोनदा उठली. तिसऱ्यांदा अर्ध्यावरूनच धपकन खाली.

"आजी, वजन आहे, पण पायांचं मांस झडलंय. आत्ता कापलं तर गाठ निघेल, तुम्ही मात्र खाटेवरून उठाल की नाही, सांगता येत नाही. महिनाभर थांबू. त्याहून जास्त गाठ थांबणार नाही. खा, आणि पायांना काम द्या."

घरी येताच मुलगा म्हणाला, "दुकान बंद. आई, तू आराम कर."

"आरामानंच खाल्ले माझे पाय," धाकटी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं स्टूल गिऱ्हाइकांसाठी दाराशी ठेवलं आणि स्वतःच्या मागं एक खुर्ची मांडली. एक शर्ट उभ्यानं, मग एक उठबस, मग पुढचा शर्ट. मी रोज दोन अंडी न् दूध घेऊन जायची आणि संपेपर्यंत समोरून हलायची नाही.

"ताई, मला काय तालमीत धाडताय?"

"पैलवान परवडला गं. तो मागून तरी खातो."

एकदा तिचा गुडघा दगा देऊन गेला आणि वकिलाची कॉलर करपली. मुलगा स्टूल घेऊन धावला.

"ठेव तिथंच. कॉलर गेली, गुडघा आहे अजून."

महिना भरला. डॉक्टरीणबाईंसमोर ती पाच वेळा उठली, हात न टेकता. पाचव्याला ओठ चावला होता, पण उठली. बाईंनी ऑपरेशनची तारीख लिहिली, तसा मुलगा खुर्चीत बसून रडायलाच लागला.

"ऊठ," धाकटी म्हणाली. "हात न टेकता."

ऑपरेशनला आता वर्ष होईल. तिसऱ्या दिवशीच ती सलाईनचा दांडा ढकलत व्हरांड्यात फिरत होती. आता त्या स्टुलावर मी बसते, गप्पा मारायला. तर दर शर्टामागं ती मला उठवते. मला कुठं ऑपरेशन करायचंय.