सुमनचं पाणी

फोन आला तेव्हा मी मंचरच्या आमच्या दुकानात कापड मोजत होते. "सुमन गेली," तिचा नवरा पिंपळवंडीहून सांगत होता, "सकाळी चहा घेऊन बसली, ती उठलीच न्हाई." मी बरं म्हणाले आणि कापड मोजत राहिले…

सुमन घाटघरची. नव्वदच्या दशकात जुन्नरच्या वसतिगृहात आमच्या गाद्या शेजारी होत्या. धावण्यात मुलांना मागे टाकणारी पोर. पाचवीत तिला खाज सुटायला लागली, मग लघवीला जळजळ, मग अंथरूण ओलं. रेक्टरबाई ती ओली गादी तिच्या डोक्यावर देऊन प्रार्थनेला उभी करायच्या. झोपेत खाजवते म्हणून तिच्याच वेणीच्या रिबिनींनी तिचे हात बांधायच्या. आणि दुपारनंतर पाणी बंद. "प्यायलीच नाही तर मुतेल कशाला?" त्याने जळजळ वाढली, लघवी लाल झाली. निरोप मिळताच सुमनची आई धावत आली.

"बाई, पोरीला दवाखान्यात न्यायचं व्हतं की."

"तिला रोग नाही, शिस्त नाही."

आईनेच तिला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, बारीक पांढरे जंत आहेत, मागून पुढे सरकतात, त्यानेच लघवीत जंतुसंसर्ग झाला. औषधं दिली, भरपूर पाणी पाजायला सांगितलं. जंत एकीचे दुसरीला होतात, सगळ्याच मुलींना गोळी द्या, म्हणाले. बाईंनी एकीलाही दिली नाही. "माझ्या होस्टेलात जंत? बदनामी करता काय?" थोड्या दिवसांत सुमनचं दुखणं परत आलं, पुन्हा पुन्हा येत राहिलं. ती सांगायची बंद झाली.

मुलगी झाल्यावर तिच्या अंगावर सूज आली. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, लहानपणापासून अंगावर काढलंय, दोन्ही मूत्रपिंडं आकसलीत. डायलिसिस सुरू झालं आणि पाणी पुन्हा मोजून. शेवटच्या भेटीत कोरड्या ओठांनी हसली. "डॉक्टर बी बाईंसारखंच बोलतोय बघ… लई तहान लागती गं."

दहाव्याला रेक्टरबाई आल्या होत्या. "माझ्या हाताखाली वाढली, फार गुणाची पोर," असं चारचौघांत म्हणाल्या. कुणीतरी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला.

लग्नानंतर सुमन कधी गादीवर झोपली नाही. नवरा हाका मारायचा, ती मागच्या दाराशी फरशीवर मुटकुळं करून पडायची. परवा त्यांच्या घरी गेले तर तो मागच्या दाराने पाणी तापवायला निघाला होता. फरशीच्या त्या तुकड्यावर त्याने पाय दिला नाही, भिंतीला घासून बाहेर गेला.