तिला न आठवणारा प्रवास

कबड्डी खेळणाऱ्या मुलीच्या आईला सोललेल्या गुडघ्यांची सवय होते. आमच्या घरातही झाली होती. मुलगी संध्याकाळी यायची, दप्तर टाकायची, कोपर पुढं करायची आणि सासूबाई बोलत बोलत हळद दाबायच्या. ती नववीत होती आणि शाळेच्या संघात चढाईला पहिली तीच जायची. मी शाळांचे गणवेश शिवते. सात रस्ता चौकाच्या मागच्या गल्लीत खाली आमच्या मशिनी आहेत, वर घर. जूनची गर्दी संपली की मला थोडी उसंत मिळते. मग मी तिचे सामने बघायला जायची.

त्या दिवशी सामना माढ्याला होता. गणपती होऊन गेले होते आणि ऊन पुन्हा चढलं होतं. यजमान गणवेशांची ऑर्डर पोचवायला लातूरला गेले होते, म्हणून मी एकटीच शाळेच्या गाडीतून मुलींबरोबर गेले. अंतिम सामन्यात समोर माळशिरसकडच्या मुली होत्या, अंगानं दणकट, पकडीला पक्क्या. शेवटपर्यंत कोण जिंकतंय ते कळत नव्हतं.

अशा वेळी ती चढाईला गेली. कोपऱ्यातल्या मुलीनं तिचा घोटा धरला. ही तशीच मध्यरेषेकडं झेपावली आणि त्याच वेळी बाजूनं दुसरी मुलगी अंगावर आली. तिचा गुडघा हिच्या कानाच्या वर बसला. तो आवाज मला प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर ऐकू आला. मग डोकं मॅटवर आपटलं. हात मात्र रेषेला लागला होता. पंचांनी गुण दिले, आमच्या मुली किंचाळत एकमेकींच्या गळ्यात पडल्या. ती आडवीच होती.

मी उठून खाली पोचेपर्यंत ती बसली होती. खेळाच्या सरांनी तोंडावर पाणी मारलं, विचारलं, "चक्कर येतेय का?"

"नाही सर."

"बघ बरं. बदलू का?"

"नको सर."

मला बघून तिनं हात हलवला, जा म्हणून. मी परत पायऱ्यांवर गेले. पुढच्या वेळी पंचांनी इशारा केला तेव्हा ती आपल्याच संघाकडं तोंड करून उभी होती. एका मुलीनं खांद्याला धरून तिला वळवलं. सगळे हसले. मीही हसले, पण हातातली पाण्याची बाटली मी एवढी घट्ट धरली होती की ती चेपली.

सामना आम्ही जिंकलो. गाडीत मुलींनी गाणी सुरू केली. ती माझ्या शेजारी खिडकीला टेकून बसली होती. माढा मागं पडलं तेव्हा तिनं विचारलं, "मम्मी, मॅच झाली?"

"झाली की. जिंकलात तुम्ही."

"खरंच?" ती केवढी खूश झाली. मग खिडकीबाहेर बघत बसली. थोड्या वेळानं वळून म्हणाली, "मम्मी, मॅच झाली?"

तोच चेहरा, तोच आवाज. मी तेच उत्तर दिलं. ती तशीच खूश झाली. पुढच्या बाकावरची मुलगी वळून म्हणाली, "काकू, नाटक करायली बघा ती." बाकीच्या खिदळल्या. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा कुणी हसलं नाही. गाणं आपोआप थांबलं.

शेटफळजवळ हायवेला लागता लागता तिला उलटी झाली. गाडी कडेला घेतली. सर खाली उतरून आले. माणूस वाईट नव्हता, मुलींसाठी जीव टाकायचा. म्हणाले, "उन्हाचं झालंय ताई. सकाळपासून पोटात काही नाही पोरींच्या. लिंबूपाणी देऊ, होतंय बरं."

"सर, तिच्या डोक्याला लागलंय. गाडी आता कुठंच थांबवू नका. सरळ दवाखान्यात घ्या."

"अहो, पण बाकीच्यांचे पालक शाळेत येऊन थांबलेत की."

"थांबू देत."

मी आयुष्यात कुठल्या शिक्षकाशी असं बोलले नव्हते. ड्रायव्हरनं आरशातून आमच्याकडं एकदा बघितलं आणि विचारलं, "कुठल्या दवाखान्यात ताई?" मी सांगितलं. त्यानं गाडी काढली ती मोहोळ आलं कधी आणि गेलं कधी ते मला समजलं नाही.

तिचे डोळे मिटायला लागले होते. झोपू द्यावं की देऊ नये, मला ठाऊक नव्हतं. कुठं तरी ऐकलेलं होतं की झोपू द्यायचं नाही. मी तिचा हात हातात घेऊन काहीबाही विचारत राहिले. "कितवीत आहेस तू?" तिनं खूप वेळ विचार केला. "सातवी," म्हणाली. "बाईंचं नाव सांग की तुझ्या." तिनं सातवीतल्या बाईंचं नाव सांगितलं. मग माझ्या खांद्यावर डोकं टेकवून लहान मुलासारखं कुरकुरली, "अव्वा, तली नोयाकत्तद."

डोकं दुखतंय, असं. आम्ही घरात कानडी बोलतो. ही लहानपणी कानडीच बोलायची. शाळेत जायला लागल्यापासून मात्र ती मराठीत उत्तर द्यायची आणि मला मम्मी म्हणायची. सासूबाई त्यावरून चिडायच्या. कितीतरी वर्षांनी तिनं मला अव्वा म्हटलं होतं. उलटीनं मी घाबरले होते, पण या हाकेनं त्याहून जास्त. वाटलं, ही माझ्यासमोर मागं मागं चालली आहे आणि मला तिला धरता येत नाही.

दवाखान्यात ड्यूटीवर एक तरुण डॉक्टरबाई होत्या. त्यांनी तिच्या डोळ्यांत बॅटरी मारली, बोटं मोजायला लावली, कान तपासले, कुठून पाणी येतंय का ते बघितलं. मी मध्येच सांगायला लागले तर म्हणाल्या, "तिला बोलू द्या." मग सीटी स्कॅनला नेलं. मी बाहेरच्या बाकावर बसले. सर भिंतीला टेकून उभे होते. माझ्या साडीला उलटीचा वास येत होता. समोर एक म्हातारे गृहस्थ पाय पसरून डबा खात होते आणि मला त्यांचा भयंकर राग आला. उगीचच.

मी यजमानांना फोन लावला. "पडलीय जरा. डोक्याला लागलंय. दवाखान्यात आणलंय," एवढंच सांगितलं. ते गाडी चालवत येणार होते. जास्त सांगायची मला भीती वाटली.

फोटोत रक्तस्राव नव्हता. ते ऐकल्यावर मला रडू फुटलं. डॉक्टरबाईंनी मला रडू दिलं आणि मग म्हणाल्या, "पण नीट ऐका. मेंदूला जोराचा हादरा बसलाय. तो या फोटोत दिसत नाही. पूर्ण बरी होईपर्यंत खेळ बंद. मोबाईल, टीव्ही जेवढं कमी तेवढं चांगलं. आणि दुसरा मार बसू द्यायचा नाही. हे बरं व्हायच्या आत पुन्हा डोक्याला लागलं तर ते जिवावर बेतू शकतं."

यजमान आले तेव्हा ती कॉटवर बसून सफरचंद खात होती. सकाळचं तिला सगळं आठवत होतं. सामन्याच्या मध्यापासून पुढचं काही आठवत नव्हतं. "पप्पा, आम्ही जिंकलो म्हणे!" ती म्हणाली. त्यांनी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि माझ्याकडं बघितलं. फोनवर एवढा आवाज कापत होता तुझा, आणि ही तर ठणठणीत आहे, असं काहीतरी त्या बघण्यात होतं.

खरी लढाई घरी सुरू झाली. त्याच महिन्यात जिल्हा संघाची निवड चाचणी होती आणि तिथं तिची निवड होणार हे शाळेतला शिपाईसुद्धा सांगत होता. दोन-तीन दिवस तिनं झोपून काढले. मग उठली, जेवायला लागली, सासूबाईंशी भांडली. बघणाऱ्याला वाटावं, झाली बरी. सर घरी आले, चहा घेतला, खाली मान घालून म्हणाले, "ताई, स्कॅन नॉर्मल आहे की. तिला पकडीत उतरवत नाही. नुसत्या चार चढाया दाखवल्या तरी निवड होते."

"डॉक्टर नको म्हणतात सर."

"डॉक्टर नकोच म्हणणार," यजमान मध्येच बोलले. "कॉलेजात असताना मी दोनदा पडलो. काय झालं मला?"

ते स्वतः खेळलेले होते. कारखान्याच्या संघातून त्यांनी बक्षिसं आणली होती. मुलीनं कबड्डी निवडली तेव्हा त्यांना आकाश ठेंगणं झालं होतं. मलाही मधूनमधून वाटायचं, आपण उगाच घाबरतोय का? एवढी संधी पोरीची. उद्या ती मोठी होऊन म्हणेल, आईनं अडवलं.

पण मी तिच्यावर लक्ष ठेवून होते. कुकरची शिट्टी झाली की ती डोळे मिटायची. खाली मशिनी सुरू झाल्या की आतल्या खोलीत जाऊन दार लावायची. विचारलं की म्हणायची, "अभ्यास करायलेय." डोकं दुखतंय का, तर नाही. एकदा कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले तर ही पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसलेली, अंगात खेळायची जर्सी, घाम आलेला, दोन्ही हातांनी डोकं गच्च धरलेलं. मला बघून दचकली.

"पप्पांना सांगू नको ना मम्मी. थोडंसंच पळाले."

मी त्यांना सांगितलं. त्यावर ते म्हणाले, "उन्हात पळाल्यावर कुणाचंही डोकं दुखतं."

चाचणीच्या दिवशी मी पहाटेच उठून बसले होते. ती आंघोळ करून आली, वेणी घट्ट बांधली, बूट घातले. यजमानांनी गाडीची किल्ली घेतली. कुणी मला काही विचारलं नाही. मी दारात जाऊन उभी राहिले.

"ती जाणार नाही."

"अगं, बाजूला हो. उशीर होतोय."

"अहो, नाही म्हणतेय ना मी."

"ती म्हणतेय दुखत नाही म्हणून! तिच्यापेक्षा तुला जास्त कळतं?"

"दुखत नाही गं मम्मी," ती म्हणाली. आवाज रडका झाला होता. "काही झालं नव्हतं मला. तूच घाबरवलंस सगळ्यांना. जरा चक्कर आली असेल. मला तर काही आठवतसुद्धा नाही."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. त्या दोघांनाही तो प्रवास माहीतच नव्हता. यजमान तिथं नव्हते. ती होती, पण तिच्यापाशी त्यातलं काही उरलं नव्हतं. ती बरी झाल्यावर तो विषय काढायला नको म्हणून मीही कधी बोलले नव्हते. मला ते तोंडानं उच्चारायची भीती होती.

मी दारातच सगळं सांगितलं. मॅच झाली का म्हणून तिनं तीनदा विचारलं ते. तिन्ही वेळा कशी पहिल्यांदा ऐकल्यासारखी खूश झाली ते. उलटी. सातवीत आहे म्हणाली ते, बाईंचं नाव. "आणि मग मला अव्वा म्हणालीस. कानडीत बोललीस माझ्याशी. तली नोयाकत्तद म्हणालीस."

सासूबाई देवघरातून उठून आल्या. यजमान किल्ली हातात घेऊन तसेच उभे होते.

"मी असं बोलले?" तिनं विचारलं.

"हो."

"सातवीत आहे म्हणाले?"

"हो गं."

ती माझ्याकडं बघत राहिली. मी खोटं बोलत नाही हे तिला कळत होतं. तिच्या चेहऱ्यावरचा राग गेला आणि तिथं मला गाडीत वाटली होती तीच भीती आली. ती खुर्चीवर बसली आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागली. गाठ सुटेना. यजमान खाली वाकले. त्यांनी तिची गाठ सोडली, दोन्ही बूट काढले आणि तिचे पाय मांडीवर घेऊन बसून राहिले. मग ते म्हणाले, "दुखतंय ना बाळ अजून?"

"लई दुखतंय पप्पा," ती म्हणाली आणि मग रडली.

त्यानंतरचे आठवडे काही बरे गेले नाहीत. खोलीच्या खिडकीला जाड चादर लावून ती अंधारात पडून असायची. दिवाळीच्या फटाक्यांत कानांत कापूस घालून बसली. सहामाहीचे दोन पेपर तिनं दिलेच नाहीत. ज्या मुलीची तिच्या जागी निवड झाली ती भेटायला आली तर ही झोपेचं सोंग घेऊन पडली. माझ्याशी बोलायची ते कामापुरतं. घाबरून तिनं ऐकलं होतं, पण मला माफ केलं नव्हतं. यजमान रोज संध्याकाळी तिला चालायला न्यायचे, तळ्यापर्यंत आणि परत. काय बोलायचे ते मी विचारलं नाही.

थंडी सरता सरता डोकेदुखी थांबली. डॉक्टरबाईंनी आधी चालणं, मग पळणं, मग सराव, असं एकेका पायरीनं तिला खेळायला सोडलं. त्यांनी होकार दिला तेव्हा मी त्यांना परत परत विचारत होते. शेवटी मुलगीच म्हणाली, "मम्मी, पुरे."

आता ती पुन्हा खेळते. जिल्हा संघात पुढच्या वर्षी गेली, राखीव खेळाडू म्हणून. एकदा भाकरी खाता खाता सहज म्हणाली, "त्या वर्षी गेले असते तर पहिल्या सातात असते."

"असतीस," मी म्हणाले. खरंच होतं ते.

तिनं ताटातली शेंगाचटणी बोटानं गोळा केली आणि दुसरी भाकरी मागितली. सामन्याला आम्ही दोघंही जातो. ती चढाईला निघाली की मी यजमानांचा दंड धरते आणि ती परत येईपर्यंत सोडत नाही. मागच्या खेपेला त्यांच्या दंडावर माझ्या नखांचे वळ उठले होते. घरी आल्यावर सासूबाईंनी त्यावर हळद लावली.